दोन रिपोर्ट जुळत नाहीत म्हणून चोरी झाली असं ठरत नाही

वाचकाचा प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पीव्हीसी पाइप, नळ-फिटिंग, पाण्याच्या टाक्या आणि सॅनिटरी मालाचं वितरण करणाऱ्या एका पेढीत हिशेब सांभाळणाऱ्या ताईंचं हे पत्र. वर्षअखेर त्यांनी दोन रिपोर्ट काढले. नफा-तोटा पत्रकात आरंभीचा साठा ६२,४०,०००, खरेदी ३,२१,५०,०००, भाडं-हमाली ५,१०,००० आणि अखेरचा साठा ७०,९०,००० रुपये आहे. म्हणजे विकलेल्या मालाची कॉस्ट ३,१८,१०,००० रुपये झाली. आयटमनिहाय नफ्याचा रिपोर्ट विक्री बिलाच्या प्रत्येक ओळीसमोर त्या मालाची खरेदी किंमत मांडतो. त्यात हीच कॉस्ट ३,११,३५,००० दिसते. फरक ६,७५,००० रुपयांचा.

मालकांचा पहिला संशय गोडाऊन सांभाळणाऱ्या काकांवर गेला. ते पंचवीसेक वर्षं तिथे आहेत. थेट कुणी काही विचारलेलं नाही, पण गोडाऊनची एक चावी त्यांच्याकडून काढून घेतली आहे. मालकांच्या पुतण्याचं म्हणणं, एक स्टॉक जर्नल (साठ्याच्या आकड्यात थेट फेरफार करणारी नोंद) टाकून अखेरचा साठा ६,७५,००० ने वाढवा, दोन्ही आकडे एक होतील. आठवडाभरात कागद सीएंकडे जायचे आहेत. अखेरचा साठा सॉफ्टवेअरमधूनच घेतला आहे, ३१ मार्चला प्रत्यक्ष मोजणी झालेली नाही. काका फुटतूट वहीत लिहून देतात आणि ताई ती महिन्याला स्टॉकमधून कमी करतात. वर्षभरात अशी ९६,००० ची फुटतूट झाली. कंपन्यांकडून आलेल्या टर्नओव्हर डिस्काउंटच्या (एकूण खरेदीवर मागाहून मिळणाऱ्या सुटीच्या) १,८४,००० च्या क्रेडिट नोटा खरेदी खात्यात जमा आहेत. ताई विचारतात, "यातला कोणता रिपोर्ट खरा? दोन्ही जुळवायचे कसे? आणि काकांचं काय होणार?"

उत्तर

ताई, तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो थांबू शकत नाही.

हे दोन्ही रिपोर्ट पुस्तकी आहेत. गोडाऊनमध्ये जाऊन माल मोजणारं यात काहीच नाही. समजा, कुणी गोडाऊनमधून दहा टाक्या परस्पर नेल्या आणि त्याची नोंद कुठेही झाली नाही. मग काय होईल? सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या टाक्या अजून जागेवरच आहेत. त्या अखेरच्या साठ्यात धरल्या जातील, नफा-तोटा पत्रकातली कॉस्ट त्यामुळे एक रुपयाने वाढणार नाही, आणि विक्रीचं बिल नसल्यामुळे आयटमनिहाय रिपोर्टलाही त्याचा पत्ता लागणार नाही. दोन्ही रिपोर्ट त्या चोरीबद्दल सारखेच गप्प राहतील. चोरी दिसते ती पुस्तकातला साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यांच्यातल्या फरकात. तुमच्याकडे मोजणीच झालेली नाही. म्हणून तुमच्या ६,७५,००० मध्ये अशी कुठेही नोंद न झालेली चोरी असूच शकत नाही.

हे मालकांना आजच सांगा. पूर्ण ताळमेळ होईपर्यंत थांबू नका. चोरी झालेलीच नाही, असंही यातून सिद्ध होत नाही, आणि तसं म्हणूही नका. म्हणायचं एवढंच की या आकड्याचा काकांशी संबंध लावायला काही आधार नाही. चावी काढून घेण्याचं कारण हा आकडा असेल, तर ते कारण उरलेलं नाही.

उलट या फरकात काकांची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांच्या वहीतली ९६,००० ची फुटतूट. फुटलेलं कमोड, तडा गेलेलं बेसिन तुम्ही स्टॉकमधून कमी केलंत, अखेरचा साठा तेवढा घटला आणि नफा-तोटा पत्रकातली कॉस्ट वाढली. विक्री बिलाच्या ओळींवर चालणाऱ्या रिपोर्टमध्ये मात्र ती येत नाही, कारण फुटलेल्या मालाचं बिल कुणी करत नाही. काकांनी ही वही ठेवलीच नसती तर फरक ९६,००० ने कमी दिसला असता. ज्या माणसाने नुकसान लपवलं नाही त्याच्याच अंगावर ते येतंय, हे मालकांच्या लक्षात आणून द्यायलाच हवं.

आता तुमचा पहिला प्रश्न, कोणता रिपोर्ट खरा. या प्रश्नात एक गृहीत आहे की दोन्ही रिपोर्ट एकच गोष्ट मोजतात आणि त्यातला एक चुकलाय. तसं नाही. नफा-तोटा पत्रक उरलेल्यावरून हिशेब करतं. होतं किती, आलं किती, राहिलं किती, आणि बाकीचं गेलं. ते विकून गेलं, फुटून गेलं की बिलाविना, नुसत्या चलनावर (माल पोचवल्याच्या चिठ्ठीवर) गेलं, याची ते चौकशी करत नाही. आयटमनिहाय रिपोर्ट फक्त बिल झालेला माल बघतो आणि त्याची त्या दिवशी सॉफ्टवेअरला माहीत असलेली किंमत लावतो. वर्षाचा नफा, कर आणि ताळेबंद यांसाठी पहिला लागतो. कोणत्या मालात किती सुटतं, कुणाला किती सूट द्यायची, हे ठरवायला दुसरा. दोन्ही नीट ठेवले तरी त्यांच्यात काही फरक राहणारच. तो कशाचा आहे हे सांगता आलं पाहिजे.

म्हणून एका कोऱ्या कागदावर वर आयटमनिहाय रिपोर्टचा आकडा लिहा आणि खाली नफा-तोटा पत्रकाच्या आकड्यापर्यंत पायरी पायरीने उतरा. पहिली पायरी तुमच्या पत्रातच आहे. भाडं-हमालीचे ५,१०,००० व्यापारी खात्यात, म्हणजे नफा-तोटा पत्रकाच्या ढोबळ नफा काढणाऱ्या भागात आहेत, पण मालाच्या किमतीत चढवलेले नाहीत. ते एका रिपोर्टमध्ये आहेत, दुसऱ्यात नाहीत. त्यात फुटतुटीचे ९६,००० मिळवले की ६,०६,००० चा उलगडा झाला, उरले ६९,०००.

इथे बहुतेक लोक थांबतात. सव्वातीन कोटींच्या धंद्यात ६९,००० म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून वही मिटतात. तुम्ही थांबू नका, कारण टर्नओव्हर डिस्काउंट अजून मोजायचा आहे. ते १,८४,००० खरेदी खात्यात जमा झाल्यामुळे नफा-तोटा पत्रकातली कॉस्ट कमी झाली. आयटमच्या किमतीत मात्र ते उतरलेले नाहीत, म्हणून आयटमनिहाय रिपोर्ट तेवढा चढा आहे. ही पायरी उलट दिशेची आहे. ती धरली की उलगडा न झालेली रक्कम ६९,००० नाही, २,५३,००० होते. फरक ही नेहमी वजाबाकी करून उरलेली रक्कम असते, आणि विरुद्ध दिशेच्या दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून एक लहान, निरुपद्रवी आकडा पुढे करतात. ताळमेळ करताना उरलेला आकडा लहान आहे यावर कधी समाधान मानू नका, तो कशाकशाने बनलाय ते बघा.

या २,५३,००० चा शोध कुठे घ्यायचा? तुमच्या धंद्यात मी सगळ्यात आधी चलनं काढून बघेन. प्लंबिंग-सॅनिटरीच्या मालात कंत्राटदार साइटवर चलनावर माल उचलतात आणि बिल मागाहून, काम पुढे सरकल्यावर होतं. मार्चमध्ये चलनावर गेलेला माल सॉफ्टवेअरने स्टॉकमधून कमी केला असेल आणि बिल एप्रिलमध्ये झालं असेल, तर नफा-तोटा पत्रकात त्या मालाची कॉस्ट आली, पण विक्री आली नाही. आयटमनिहाय रिपोर्टमध्ये दोन्ही नाहीत. ३१ मार्चला बिल व्हायची राहिलेली सगळी चलनं काढा. ही रक्कम मोठी निघाली तर प्रश्न ताळमेळापुरता राहत नाही, त्या वर्षाची विक्रीच कमी दाखवली जातेय आणि जीएसटीचाही मुद्दा येतो. सीएंना हे वेगळं दाखवा.

दुसरी जागा आयटमनिहाय रिपोर्टच्या आत आहे. तो रिपोर्ट नफ्याच्या टक्केवारीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या ओळी बघा. पाइप-फिटिंगच्या धंद्यात वितरकाला किती सुटतं हे तुम्हाला पाठ असेल. तिथे एखाद्या मालावर ऐंशी-नव्वद टक्के किंवा थेट शंभर टक्के नफा दिसला, तर सॉफ्टवेअरला त्या मालाची किंमत माहीत नव्हती असं समजा. हे कसं होतं? माल सकाळी आला, गिऱ्हाईक दारात उभं, विक्रीचं बिल आधी झालं आणि खरेदीचं बिल दोन दिवसांनी चढवलं. मधल्या काळात स्टॉक उणे गेला आणि त्या विक्रीला किंमत शून्य किंवा जुनीच लागली. नवीन आयटम असेल तर हमखास शून्य. मग नफा भरघोस दिसतो आणि मालक त्याच मालावर सूट वाढवतात, हे त्याहून वाईट. रिपोर्टच्या तळाशी तोट्यात दिसणाऱ्या ओळीही तितक्याच बोलक्या असतात. तिथे बहुधा एककाचा घोळ निघतो. खरेदी बॉक्समध्ये आणि विक्री नगात, पाइप घेतला नळीवर आणि विकला मीटरवर, आणि एका नळीचे सहा मीटर हे गणित आयटम बनवताना कुणी भरलंच नाही. किंवा शंभर रुपयांचा माल आयटममध्ये जीएसटीसकट ११८ ला लिहिलेला असतो. त्या कराचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, तुम्हाला मिळतं, तर तो कर मालाच्या किमतीत नको.

याच ठिकाणी सॉफ्टवेअरला एक प्रश्न विचारा, तो रिपोर्ट किंमत उचलतो कुठून? भारित सरासरी (नग आणि दर दोन्ही धरून काढलेली सरासरी किंमत), आधी आलेला माल आधी गेला या हिशेबाने, शेवटच्या खरेदीचा दर, की आयटम बनवताना लिहिलेला दर? पीव्हीसीचा कच्चा माल असलेल्या रेझिनचे भाव हलले की पीव्हीसी पाइपच्या भावपत्रिका बदलतात. शेवटच्या खरेदीचा दर धरणारा रिपोर्ट चढत्या भावात कॉस्ट जास्त दाखवतो आणि उतरत्या भावात कमी. साठ्याचं मूल्यांकन एका पद्धतीने आणि हा रिपोर्ट दुसऱ्या पद्धतीने चालत असेल, तर फरक कायमचा आहे. पद्धत एकच करा. साठ्याच्या मूल्यांकनाच्या लेखामानक २ प्रमाणे अशा व्यापारी मालाला भारित सरासरी किंवा 'आधी आला, आधी गेला' चालतं, आणि मूल्यांकन आपल्याला पडलेली किंमत किंवा विकून हाती येणारी रक्कम यांपैकी जे कमी ते.

विक्री परतीच्या नोंदीही चाळा. परत आलेला माल विक्रीच्या दराने स्टॉकमध्ये घेतला गेला तर साठा फुगतो. मार्चअखेरच्या आवकेत दोन्ही तऱ्हा शोधा: माल चलनावर आला, स्टॉकमध्ये चढला, पण खरेदीचं बिल एप्रिलमध्ये नोंदलं, किंवा बिल मार्चमध्ये खात्याला लागलं आणि माल नंतर उतरला. आयटमविना, नुसतं जर्नलने नोंदलेलं खरेदी बिलही याच जातीचं. आणखी एक काम पाच मिनिटांचं आहे. गेल्या वर्षी सीएंनी सही केलेल्या ताळेबंदातला अखेरचा साठा ६२,४०,००० च होता का? फायनल करताना सीए पडून राहिलेल्या मालाची किंमत उतरवतात आणि तो बदल सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. हा फरक तुमच्या दोन रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही, पण या वर्षाचा नफा चुकवायला तो पुरेसा आहे.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या इतर वाचकांनी आधी एक सेटिंग बघावं. खाती आणि स्टॉक एकमेकांना जोडलेले आहेत का? जोडलेले नसतील तर अखेरचा साठा खात्यात हाताने भरावा लागतो, आणि अनेक ठिकाणी तिथे कुणीतरी कधीतरी टाकलेला आकडा बसून असतो. अशा वेळी बाकी सगळी शोधाशोध व्यर्थ.

आता पुतण्यांच्या सूचनेविषयी, आणि इथे मी स्पष्ट बोलतो. ती नोंद करू नका. अखेरचा साठा ६,७५,००० ने वाढवला की कॉस्ट तेवढी घटेल आणि नफा तेवढाच वाढेल. न झालेल्या नफ्यावर कर भराल. कॅश क्रेडिट (साठ्याच्या तारणावर बँकेकडून घेतलेलं खेळतं कर्ज) असेल तर बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये अस्तित्वात नसलेला माल तारण दाखवाल. आणि पुढच्या १ एप्रिलला तोच खोटा साठा आरंभीचा साठा म्हणून उभा राहील. मग खरंच कधी मोजणी झाली, तर गोडाऊनमध्ये ६,७५,००० चा माल कमी भरेल आणि त्या दिवशी काकांकडे बोट दाखवायला कागदोपत्री पुरावा तयार असेल. आज ज्या संशयाला आधार नाही, त्याला उद्यासाठी आधार तयार करून देणारी ही नोंद आहे. तुमच्या लॉगइनने ती झाली तर उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल. पुतण्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. आकडे जुळले म्हणजे काम झालं, असं वाटणारी माणसं पुष्कळ असतात.

पुढच्या वर्षासाठी यातली एक पायरी कायमची कमी करता येईल आणि दुसरी सरळ दिसेल अशी ठेवता येईल. भाडं-हमालीचं खातं फोडा. कंपनीकडून माल आणण्याचं भाडं आणि उतरवण्याची हमाली हा मालाच्या किमतीचा भाग आहे. तो खरेदीच्या बिलातच संख्येप्रमाणे किंवा किमतीप्रमाणे मालावर वाटायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. गिऱ्हाइकाच्या साइटवर माल पोचवण्याचं भाडं हा विक्रीचा खर्च, तो व्यापारी खात्यात नको. आज दोन्ही एकत्र असतील तर तुमचा ढोबळ नफाही चुकीचा दिसतोय. शिवाय आवक भाड्याचा काही हिस्सा शिल्लक मालावरही बसतो, आज तो सगळा याच वर्षाच्या खर्चात गेलाय. टर्नओव्हर डिस्काउंटचं मात्र वेगळं. तो मिळायला उशीर लागतो आणि कोणत्या मालावर किती हे सांगता येत नाही, म्हणून वेगळ्या खात्यात ठेवून ताळमेळात दाखवणं मला जास्त व्यवहार्य वाटतं. अखेरच्या साठ्यावर या दोन्हींचा किती परिणाम धरायचा हे सीएंशी बोलून ठरवा, आणि ठरलं की दर वर्षी तसंच करा.

फुटतुटीबद्दल एक आठवण. नष्ट झालेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे मिळत नाही. ते उलटवावं लागतं, आणि ती रक्कम खर्चात येते. १८ टक्क्यांनी ९६,००० वर १७,२८० रुपये होतात. हे झालंय का ते तपासा. काकांची वही इथेही कामाची आहे, कारण हरवलेल्या, फुटलेल्या, खर्ची टाकलेल्या मालाची नोंद ठेवणं नियमाप्रमाणे गरजेचंच आहे.

मोजणीही करा, पण चौकशी म्हणून नाही. वर्षातून एकदा सगळं गोडाऊन उपसण्यापेक्षा दर आठवड्याला एक रॅक घ्या, महागाचे नळ आणि सॅनिटरी माल आधी. मोजणाऱ्याच्या हातातल्या यादीवर पुस्तकातली संख्या छापू नका, नाहीतर माणूस तिथवरच मोजतो. त्या तासाभरात जावक बंद ठेवा. मोजणीला दोघं असू द्या, आणि त्यातले एक काका असोत. माल कुठे दडलाय, कोणता बॉक्स फोडून सुटा ठेवलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? फरक निघाला तर त्याच दिवशी चलनं आणि बिलं काढून बघा, महिन्याने बघून काही हाती लागत नाही.

मालकांशी बोलताना पायऱ्यांचा तो एकच कागद घेऊन जा. "साहेब, सहा लाख पंचाहत्तर हजारांत भाडं-हमाली किती, फुटतूट किती, डिस्काउंट किती उलट गेला, ते इथे मांडलंय. राहिलेलं कुठे शोधतेय तेही लिहिलंय. मोजणी झालेली नाही, म्हणून चोरीबद्दल या कागदावरून हो किंवा नाही काहीच म्हणता येत नाही." एवढंच. काकांची बाजू घेतेय असं त्यांना वाटू देऊ नका. तुम्ही हिशेबाचीच बाजू घेताय, आणि इथे तेवढं पुरेसं आहे. त्यांनी ऐकलं नाही तर हाच कागद सीएंना द्या. त्यांच्या तोंडून आलेली हीच गोष्ट मालक वेगळ्या कानांनी ऐकतील, हे आपल्याकडचं वास्तव आहे आणि काकांसाठी ते वापरायला हरकत नाही.

सीएंकडे जाईपर्यंत सगळे २,५३,००० सापडले नाहीत तर घाबरू नका. एकूण कॉस्टच्या मानाने ही रक्कम ०.८ टक्के आहे. चलनं आणि शंभर टक्के नफ्याच्या ओळी तपासून झाल्यावर उरेल ती रक्कम 'उलगडा बाकी' असं स्पष्ट लिहून कागदावर तशीच ठेवा, कुठल्या खात्यात मुरवू नका. आणि एप्रिलपासून हा कागद महिन्याचा करा. दर महिन्याला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरत असाल तर त्याच्या ११ तारखेआधी, बिलं डोळ्यांखालून जात असतानाच तो लिहून होईल. पहिल्या महिन्यात उणे स्टॉकची यादी लांब निघेल. त्यातले आयटम एकेक करून दुरुस्त करा, आणि खरेदीचं बिल चढवल्याशिवाय त्या मालाचं विक्री बिल करायचं नाही, एवढा एक नियम काउंटरवरच्या मुलांना मालकांकडूनच सांगवून घ्या.